परक्या अवयवाचा स्वीकार

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, घाटाची चढण सुरू होण्यापूर्वी, पातूर हे तालुक्याचे गाव लागते. तेथील कातळात कोरलेल्या लेण्यांमुळे ते पुराणवस्तूंच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, आणि शेख बाबूंच्या दर्ग्यामुळे जुन्या दप्तरांतून त्याची नोंद ‘पातूर शेख बाबू’ अशी आढळते. या भागात, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात पूर्वेकडे अमरावती जिल्ह्यात, संत्र्याच्या बागा असल्यामुळे ‘कलम’ हा शब्द आम्हां वऱ्हाडकरांना लेखणीच्या अर्थाइतकाच झाडाच्या अर्थानेही परिचित आहे. माळी जंबेरीच्या रोपाची साल चिरतो, तीत संत्र्याचा डोळा बसवतो, वरून पट्टी आवळतो, आणि काही आठवड्यांत तो डोळा फुटून परक्या खुंटाच्या मुळांवर आपले आयुष्य काढू लागतो. जंबेरी आणि संत्रे ही निरनिराळी झाडे खरी. परंतु एकदा साल जुळली, की खुंटाने डोळ्याला पुन्हा कधी परकेपणाने वागवले, असे सहसा होत नाही. मनुष्यदेहाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. एका माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या उदरात कितीही कौशल्याने जोडले, रक्तवाहिन्यांचे टाके कितीही सुबक पडले, तरी ग्राहकाचा देह त्या अवयवाला ओळखतो, तो आपला नाही असा निवाडा करतो, आणि औषधांनी त्याचे हात बांधून ठेवले नाहीत तर थोड्याच दिवसांत त्याचा नाश करतो. हा निवाडा बदलता येईल काय, आणि तो औषधांच्या सक्तीने न बदलता जिवंत पेशींच्या शिकवणुकीने बदलता येईल काय, या प्रश्नाचा गेल्या ऐंशी वर्षांतील प्रवास येथे पाहावयाचा आहे.

या प्रवासाचा एक जुना दुवा महाराष्ट्रातच सापडतो. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान शत्रूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे 1793 साली पुण्यात एका कसबी वैद्याने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून तिचे नवे नाक घडवले. ही शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रजांनी तिचे वर्णन विलायतेस धाडले, ते 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात चित्रासह छापले गेले, आणि युरोपातील शल्यविशारदांनी त्यावरून ही विद्या नव्याने उचलली. पुण्याच्या त्या कारागिराच्या यशात हस्तकौशल्य होतेच, परंतु त्याहून मूलभूत असे एक कारण होते: कातडी कावसजीचीच होती. तीच कातडी शेजारच्या माणसाच्या कपाळावरून घेतली असती, तर पंधरवड्याच्या आत ती काळवंडून गळून पडली असती. आपले आणि परके यांतला हा भेद देह कोठे नोंदवून ठेवतो, हे त्या काळी कोणाला सांगता येण्यासारखे नव्हते.

ते सांगण्याचा प्रारंभ दुसऱ्या महायुद्धात झाला. 1943 साली ग्लासगोच्या रुग्णालयात एका भाजलेल्या स्त्रीच्या जखमांवर तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे बसवून पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन यांनी ते कसे गळतात याचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा भावाच्याच कातडीचा दुसरा हप्ता पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाल्याचे त्यांना आढळले. देहाने पहिल्या वेळची ओळख लक्षात ठेवली होती. म्हणजे अवयव नाकारला जाणे ही प्रतिकारसंस्थेची, तीच देवी-पटकीशी झुंजणाऱ्या संस्थेची, करणी होती. दोनच वर्षांनी, 1945 साली, अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे रे ओवेन या शास्त्रज्ञाने गुरांच्या जुळ्यांचे रक्त तपासताना एक विलक्षण गोष्ट नोंदवली. गर्भात असताना ज्या जुळ्या वासरांचे रक्ताभिसरण परस्परांत मिसळलेले असते, त्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी जन्मभर नांदतात, आणि त्यांचा कोणीही प्रतिकार करीत नाही. गोठ्यात उभ्या असलेल्या त्या मुक्या जनावरांनी जे साधले होते, तेच प्रयोगशाळेत साधण्याचे काम मेडावर, रूपर्ट बिलिंगहॅम आणि लेस्ली ब्रेंट यांनी हाती घेतले. उंदरांच्या गर्भांत दुसऱ्या वंशाच्या उंदरांच्या पेशी टोचल्या, तर ते उंदीर मोठे झाल्यावर त्याच परक्या वंशाची कातडी अंगावर सुखाने वागवतात, आणि तिसऱ्या कोणा वंशाची कातडी मात्र नेहमीप्रमाणे नाकारतात, हे त्यांनी 1953 साली सिद्ध करून दाखवले. सहिष्णुता ही शिकवता येते, ती नेमकी ठरावीक परक्यापुरती शिकवता येते, आणि ती शिकवणाऱ्या गुरू खुद्द पेशीच असतात. पेशीचिकित्सेचा सारा विचार या तीन वाक्यांत बीजरूपाने आला आहे. 1960 साली मेडावर आणि मॅकफार्लेन बर्नेट यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विचारासाठी.

परंतु माणसाचे मूत्रपिंड निकामी होते ते प्रौढपणी. त्याला शिकवण्यासाठी गर्भावस्थेत परत नेता येत नाही. म्हणून वैद्यकाने तूर्त दुसरी वाट धरली. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकबीज जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसवले, आणि येथे परकेपणाच नसल्यामुळे ते टिकले. पण एकबीज जुळा भाऊ असण्याचे भाग्य किती जणांच्या वाट्यास येते? इतरांसाठी देहाची प्रतिकारशक्ती सरसकट दडपणारी औषधे शोधावी लागली. प्रथम अझाथायोप्रीन व प्रेडनिसोलोन ही जोडी आली, नंतर सायक्लोस्पोरीन, आणि पुढे टॅक्रोलिमस. शेतकऱ्यांच्या मुलखातल्या वाचकास हे जाणून नवल वाटेल, की यांतील मुख्य औषधे मातीतून आली आहेत: सायक्लोस्पोरीन निर्माण करणारी बुरशी नॉर्वेतील एका पठाराच्या मातीत सापडली, टॅक्रोलिमस देणारा सूक्ष्मजीव जपानातील त्सुकुबाच्या मातीत, आणि सिरोलिमस हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतील जीवाणूपासून मिळाले, ज्याच्या संशोधनास सुरेन्द्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वाहिले. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1965 साली मूत्रपिंडरोपणाचा पहिला प्रयत्न झाला. रुग्ण दीर्घकाळ जगण्याइतके यश 1971 साली वेल्लोर येथे आले. सायक्लोस्पोरीन 1980 नंतर सर्वत्र प्रचारात आले आणि अवयवरोपण हा धाडसाचा विषय न राहता रुग्णालयांचा रोजचा शिरस्ता झाला.

या औषधांचे उपकार विसरता येणार नाहीत. त्यांच्यावाचून हजारो माणसे कधीच गेली असती. परंतु त्यांची किंमत, आणि मी केवळ रुपयांची किंमत म्हणत नाही, ती भरणाऱ्यांच्या बाजूनेही पाहिली पाहिजे. ही औषधे परक्या मूत्रपिंडापुरता प्रतिकार दडपीत नाहीत. ती साऱ्या पहाऱ्याचीच शस्त्रे काढून घेतात. मग क्षयाचे जंतू, जे आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या छातीत निद्रिस्त असतात, जागे होतात. बुरशीचे व विषाणूंचे रोग होतात. काही कर्करोगांचे प्रमाण वाढते. टॅक्रोलिमसमुळे हात थरथरतात व पुष्कळांना नव्याने मधुमेह जडतो. आणि ज्या मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी हे औषध घ्यावयाचे, त्यालाच ते वर्षानुवर्षे हळूहळू इजा पोचवते. एवढे करूनही जुनाट नाकाराची प्रक्रिया पूर्ण थांबत नाही, आणि कित्येकांवर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत बसण्याची पाळी येते.

हे सारे पातूरच्या अंतरावरून पाहिले म्हणजे त्याचा अर्थ आणखी बदलतो. महानगरातील रुग्णाला टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी तपासणे म्हणजे सकाळचा एक तास. घाटापलीकडच्या खेड्यातील रुग्णाला तो एका दिवसाच्या मजुरीचा, एस. टी.च्या दोन तिकिटांचा आणि सोबत येणाऱ्या माणसाच्या खाड्याचा प्रश्न असतो. बारा-बारा तासांच्या अंतराने दोन वेळच्या गोळ्या जन्मभर चुकवावयाच्या नाहीत, ही अट मृगाच्या पेरणीत, कापसाच्या वेचणीत आणि लग्नसराईत पाळणे किती कठीण आहे, हे ज्याने शेतकऱ्याचे घर पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. पश्चिम वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असल्याने तेथे मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार लोकांच्या तोंडी नेहमी असते. त्याला मधुमेह आणि रक्तदाब या सार्वत्रिक कारणांची जोड आहेच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंडरोपणाच्या खर्चाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली, हे स्वागतार्ह आहे. पण शस्त्रक्रिया हा एका दिवसाचा विषय आहे, औषध हा हयातभराचा. म्हणूनच माझ्या मते औषधमुक्त अवयवरोपण ही सधन देशांची चैन नव्हे. त्याची खरी निकड बॉस्टनपेक्षा बाळापूर-पातूरला अधिक आहे.

आता पेशीचिकित्सेकडे वळू. तिच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट ओवेनच्या वासरांची: दात्याच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी ग्राहकाच्या मज्जेत रुजवावयाच्या, म्हणजे दोघांचे रक्त एकाच देहात नांदू लागेल, आणि यौवनलोपी ग्रंथी, जिला इंग्रजीच्या अनुकरणाने थायमस म्हणतात, ती प्रतिकारसंस्थेच्या नव्या टी-पेशींना घडवताना दात्याच्या खुणाही ‘आपल्या’च समजावयास शिकवील. या अवस्थेला शास्त्रात कायमेरिझम म्हणतात. आपण तिला मिश्ररक्तता म्हणू. दुसरी वाट याहून सौम्य आहे. प्रतिकारसंस्थेत आक्रमण करणाऱ्या पेशींप्रमाणेच आक्रमण आवरणाऱ्या पेशीही असतात. त्या वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवून, रुग्णाला परत द्यावयाच्या. पहिल्या वाटेत राज्यच मिश्र करावयाचे असते. दुसरीत राज्य तेच ठेवून बंदोबस्ताची माणसे बदलावयाची असतात.

पहिल्या वाटेवरचे सर्वांत ठळक प्रयोग अमेरिकेत झाले. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डेव्हिड सॅक्स, तात्सुओ कावाई, बेनेडिक्ट कोसिमी आणि मेगन साइक्स यांच्या गटाने 2008 साली पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या रुग्णांचे दाते जवळचे नातलग होते, पण ऊतींच्या ज्या खुणांना एच. एल. ए. म्हणतात त्या त्यांच्यात निम्म्याच जुळत होत्या. मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जाही दिली गेली, आणि त्यापूर्वी औषधांनी व थायमसवरील किरणोत्साराने ग्राहकाच्या मज्जेत जागा करण्यात आली. पाचांपैकी चौघांची औषधे पूर्णपणे बंद करता आली. पाचव्याचे मूत्रपिंड प्रतिद्रव्यांच्या हल्ल्यात गेले. विशेष म्हणजे त्या चौघांमध्ये मिश्ररक्तता काही आठवड्यांतच मावळली होती, तरीही सहिष्णुता टिकली: दात्याच्या पेशी निघून गेल्या आणि त्यांची शिकवण मागे राहिली. हे कसे घडले याचा पूर्ण उलगडा करण्याच्या खटपटीतून पुढे पुष्कळ शास्त्र वाढले आहे, आणि मला स्वतःला या साऱ्या इतिहासातील हीच गोष्ट सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

त्याच वर्षी सॅम्युएल स्ट्रोबर यांच्या स्टॅनफर्डच्या गटाने एच. एल. ए. पूर्ण जुळणाऱ्या भावंडांमध्ये निराळी पद्धत वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लसिकाग्रंथींवर थोड्या-थोड्या मात्रेत किरण देऊन, नंतर दात्याच्या मूलपेशी ठरावीक संख्येच्या टी-पेशींसह द्यावयाच्या, अशी ती पद्धत होती, आणि पुढील वर्षांत तिच्याद्वारे अशा रुग्णांपैकी बहुतेकांची औषधे सुटली. हीच पद्धत पुढे एका औषधकंपनीने तिसऱ्या टप्प्याच्या रीतसर चाचणीत नेली, तेथेही बहुसंख्य रुग्ण दोन वर्षांहून अधिक काळ औषधांवाचून राहिल्याचे निष्पन्न झाले. परंतु खुणा पूर्ण जुळणारे भावंड प्रत्येक सख्ख्या भावंडामागे चारांत एक एवढ्याच संभवाने मिळते. न जुळणाऱ्यांचे काय, हा खरा प्रश्न राहतो. त्याला शिकागो व लुइव्हिल येथील जोसेफ लेव्हेन्थाल आणि सुझान इल्डस्टॅड यांनी हात घातला. 2012 साली त्यांनी पहिल्या आठ विषम जोड्यांपैकी पाचांत दात्याचे रक्त कायम रुजल्याचे व औषधे सुटल्याचे सांगितले, तेव्हा फार मोठी आशा निर्माण झाली. ती आशा पुढे ओसरली. रुजलेल्या परक्या पेशी कधी उलट यजमानाच्याच देहावर तुटून पडतात. मज्जारोपणाचा हा जुना शाप आहे. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत एका रुग्णाचा याच विकाराने मृत्यू झाला, आणि 2023 साली ती चाचणी थांबवण्यात आली. कर्करोगाने मरणाच्या दारी असलेल्या माणसाला जो धोका पत्करण्यासारखा वाटतो, तो ज्याच्यापुढे डायलिसिस आणि गोळ्या हे दोन चालू मार्ग उघडे आहेत त्याला तसा वाटत नाही. आणि वाटूही नये, असे मला वाटते.

आपल्या देशातील या विषयाचे मुख्य पीठ महाराष्ट्राच्या शेजारी, अहमदाबादला आहे. डॉ. हरगोविंद लक्ष्मीशंकर त्रिवेदी हे सौराष्ट्रातील खेड्यातून आलेले, अमेरिका व कॅनडा येथे प्रतिष्ठित व्यवसाय केलेले वैद्य 1977 साली मायदेशी परतले, आणि अहमदाबादच्या सिव्हिल रुग्णालयाच्या आवारात त्यांनी मूत्रपिंड-रोगांची संस्था उभी केली, जिच्यात गरिबांवर उपचार करणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. औषधांचा हयातभराचा खर्च आपल्या रुग्णांना पेलणार नाही, हे त्यांनी रोज पाहिले असल्यामुळे सहिष्णुतेचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने शास्त्रीय कुतूहलाचा न राहता उदरभरणाचा झाला. त्यांनी व डॉ. अरुणा वणीकर यांनी दात्याच्या मज्जेतील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या ग्राहकाच्या यकृताकडे जाणाऱ्या प्रवेशिनी शिरेतून दिल्या, कारण यकृत हा अवयव स्वभावतःच परक्याशी सलोख्याने वागणारा आहे. पुढे त्यांनी दात्याच्या चरबीतून मिळणाऱ्या मध्योतक (मेसेन्कायमल) मूलपेशींची त्यांना जोड दिली. शेकडो रुग्णांवर ही चिकित्सा झाली, औषधांची मात्रा पुष्कळ उतरवता येते असे त्यांचे वृत्तांत सांगतात, आणि ते देशोदेशींच्या नियतकालिकांत छापले गेले आहेत. 2015 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2019 साली ते निवर्तले.

या कार्याचे मूल्यमापन आदराने पण स्पष्टपणे केले पाहिजे. एवढ्या मोठ्या प्रमाणात, एवढ्या अल्प खर्चात, एका सरकारी आवारात अशी चिकित्सा चालावी, याची बरोबरी करणारे उदाहरण जगात क्वचितच असेल. परंतु रुग्णांची वाटणी चिठ्ठीने करून, एकास पेशी व दुसऱ्यास केवळ प्रचलित औषधे देऊन, दोघांचा दहा वर्षांचा हिशोब मांडणारी आणि दुसऱ्या केंद्रांनी पडताळून पाहिलेली चाचणी झाल्याखेरीज कोणतीही पद्धत शास्त्राच्या दरबारी रुजू होत नाही. चीनमध्ये 2012 साली 159 रुग्णांवर अशी वाटणी करून रुग्णाच्याच मध्योतक पेशी दिल्या गेल्या, तेव्हा पहिल्या वर्षात नाकाराचे व संसर्गाचे प्रमाण कमी आढळले. हा पुरावा उत्साहवर्धक आहे, पण तेथे औषधे सुटली नव्हती, केवळ प्रारंभीचे एक महाग औषध टाळता आले होते.

दुसऱ्या, सौम्य वाटेचा इतिहास जपानात सुरू होतो. शिमोन साकागुची यांनी 1995 साली दाखवले, की टी-पेशींमध्ये एक छोटा वर्ग असा आहे, जो काढून घेतला तर देह स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडतो. पुढे मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी-3 हा जनुक शोधला, आणि तोच या नियामक टी-पेशींचा सूत्रधार असल्याचे निश्चित झाले. या तिघांना 2025 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी रक्तात थोड्याच असतात, पण त्यांचा अंमल मोठा असतो. त्या शेजारच्या आक्रमक पेशींना शांत करतात, आणि त्या शांत झालेल्या पेशी पुढे इतरांना आवरतात, जणू एका चांगल्या पाटलाने गावाला शिस्त लावावी आणि मग ती वहिवाट बनून राहावी.

या पेशी रुग्णाच्याच रक्तातून काढून, वाढवून, रोपणानंतर त्याला परत द्याव्यात, हा प्रयोग युरोप-अमेरिकेतील अनेक केंद्रांनी ‘द वन स्टडी’ या नावाने एकत्र येऊन केला. नियामक टी-पेशींबरोबरच वृक्षाभ पेशी आणि महाभक्षी पेशी यांचे निरनिराळे नमुनेही त्यात होते. 2020 साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला: पेशी दिलेल्या 38 रुग्णांमध्ये नाकाराचे प्रमाण नेहमीच्या उपचाराच्या 66 रुग्णांइतकेच राहिले, विषाणूंचे संसर्ग कमी झाले, आणि 38 पैकी 15 रुग्ण केवळ टॅक्रोलिमस या एका औषधावर आणता आले. औषधे सर्वस्वी सुटली नाहीत, हे खरे. पण तीन गोळ्यांऐवजी एक घेणे हेसुद्धा क्षयाच्या आणि बुरशीच्या देशात लहान गोष्ट नाही. यकृताच्या बाबतीत याहून पुढची मजल होक्काइडो विद्यापीठाने गाठली: 2016 सालच्या वृत्तांतानुसार जिवंत दात्याचे यकृत मिळालेल्या दहा रुग्णांना अशा पेशी दिल्यानंतर सातांची औषधे पूर्णपणे बंद करता आली. राहिलेल्या तिघांना प्रतिकारसंस्थेच्याच बिघाडाने यकृताचा मूळ विकार जडला होता, आणि त्यांच्यात नाकार झाला. म्हणजे ज्याच्या घरातील पहारेकरी आधीच फितूर आहेत, त्याला नव्या पहारेकऱ्यांचा उपयोग होईलच असे नाही. यकृत मुळातच क्षमाशील अवयव आहे, काही रुग्णांत पेशींवाचूनही औषधे सुटतात, तेव्हा यकृतावरील यश मूत्रपिंडास जसेच्या तसे लावता येत नाही, हीही मेख ध्यानात ठेवावी.

सर्वांत नवी पायरी अशी, की नियामक पेशींना जनुकीय कौशल्याने परक्याची खूण ओळखणारा एक नवा रेणू जोडावयाचा, ज्यायोगे त्या रक्तात इतस्ततः न भटकता नेमक्या परक्या अवयवावर जाऊन ठाण मांडतील. मूत्रपिंड व यकृत यांच्या रोपणानंतर अशा पेशी माणसांना देण्याचे पहिले प्रयोग युरोपात सुरू झाले आहेत. येथे महाराष्ट्राने अभिमानाने मान वर करावी अशी एक गोष्ट आहे. टी-पेशींना असा रेणू जोडण्याचे तंत्र, कर्करोगाच्या उपचारासाठी का होईना, मुंबईतच सिद्ध झाले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडलेली आणि टाटा स्मारक रुग्णालयाने रुग्णांवर पारखलेली ‘नेक्सकार-19’ ही चिकित्सा, ऑक्टोबर 2023 मध्ये तिला सरकारी परवाना मिळाल्यावर, 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. अमेरिकेतील तत्सम उपचाराच्या मानाने तिचा खर्च फारच कमी आहे. रक्तातून पेशी काढणे, त्यांत जनुक घालणे, त्या निर्जंतुक वातावरणात वाढवणे आणि रुग्णापर्यंत सुखरूप पोचवणे, ही साखळी येथे आहे. तीच साखळी आक्रमक पेशींऐवजी नियामक पेशींसाठी वापरणे हा शास्त्राचा प्रश्न राहिला, साधनांचा नव्हे.

शिवाय आपल्या देशातील रोपणाची एक विशेष परिस्थिती या चिकित्सेला अनुकूल आहे, जिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. पाश्चात्त्य देशांत बरेच अवयव मृत दात्यांकडून येतात, आणि मृत्यू सांगून येत नसल्यामुळे पेशी तयार करण्यास मुदत मिळत नाही. आपल्याकडे बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगांची असतात. शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरते, दाता समोर असतो, त्याची मज्जा किंवा रक्त सवडीने घेता येते. परंतु या सोयीची दुसरी बाजू बोचरी आहे. हे दाते बहुसंख्येने स्त्रिया असतात: आई, पत्नी, बहीण. मूत्रपिंड देणाऱ्या त्या माउलीकडून आता मज्जाही मागावयाची, तर तिची संमती खरोखर तिची आहे की घरातील वडीलधाऱ्यांच्या दडपणाची, हे पूर्वीपेक्षाही अधिक काळजीने तपासले पाहिजे. याबाबतीत महाराष्ट्राची परंपरा चांगली आहे. 1982 सालीच राज्याने मूत्रपिंडरोपणाचा स्वतंत्र कायदा केला होता, आणि 1994 च्या केंद्रीय मानवी अवयवरोपण कायद्यामागे ज्या राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव होते त्यांत गोवा व हिमाचल प्रदेश यांच्यासह महाराष्ट्राचेही नाव आहे.

एक सावधगिरीची गोष्ट मला कळकळीने सांगितली पाहिजे. ‘स्टेमसेल’ हा शब्द आता जाहिरातींतून जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचला आहे, आणि निकामी मूत्रपिंड सुईने पुन्हा जागे करू असे सांगून पैसे घेणारेही निघाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक नियमांनुसार मूलपेशींचा उपचार रक्ताच्या काही ठरावीक विकारांपुरताच मान्य आहे. इतर सर्व ठिकाणी तो नोंदलेल्या चाचणीतच आणि रुग्णाकडून त्याचे मोल न घेता व्हावयास पाहिजे. या लेखात ज्या प्रयोगांचा वृत्तांत आला, त्यांतील एकही प्रयोग रुग्णाने घरी बसून गोळ्या सोडून देण्याचा नव्हता. वैद्य पाहत असताना, महिनोन्महिने मात्रा उतरवीत, मधूनमधून मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासून मगच औषध थांबवले गेले. सहिष्णुता आली की नाही हे निश्चित सांगणारी रक्ताची चाचणी अद्याप हाती आलेली नाही, आणि एखाद्या साध्या विषाणूच्या तापानंतर आलेली सहिष्णुता मोडल्याची उदाहरणेही आहेत. म्हणून नव्या मूत्रपिंडावर चार वर्षे सुखाने काढलेल्या माणसाने, आता शरीराने ते आपले मानले असेल, अशा समजुतीने गोळी चुकवणे हा घात आहे.

मग वऱ्हाडाने काय करावे? अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंडरोपणे होऊ लागली आहेत आणि विदर्भातील अवयवदानाची व्यवस्था नागपूरच्या समन्वय समितीमार्फत चालते. मिश्ररक्ततेचे प्रयोग येथे करावेत असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. त्यासाठी मज्जारोपणाचे सुसज्ज केंद्र लागते. परंतु नियामक पेशींच्या चाचणीसाठी रुग्णाचे रक्त अमरावतीस काढून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवणे आणि वाढवलेल्या पेशी परत आणणे आज अशक्य राहिलेले नाही. त्याआधी, आणि कोणत्याही पेशीवाचून, करण्यासारखे एक काम आहे: ज्यांचे रोपण झाले आहे अशा प्रत्येक रुग्णाची नोंद, त्याच्या औषधाची मात्रा, चुकलेले दिवस, झालेले संसर्ग, रक्तातील टॅक्रोलिमस, या साऱ्यांचे दप्तर तालुकानिहाय ठेवणे, आणि टॅक्रोलिमसच्या तपासणीचे रक्त पातूरच्या ग्रामीण रुग्णालयातच काढून घेण्याची तजवीज करणे. अहमदाबादच्या संस्थेजवळ तर अशा नोंदींचे चार दशकांचे भांडार असावे. ज्या रुग्णांची औषधे तेथे उतरवली गेली ते आज कसे आहेत, त्यांची मूत्रपिंडे चालू आहेत काय, हे त्रयस्थ तज्ज्ञांनी एकेक कागद उघडून पाहिले, तर पुढची रीतसर चाचणी कोणत्या पेशींनी, कोणत्या रुग्णांत सुरू करावी, हे ठरवण्यास बॉस्टन किंवा होक्काइडोकडे पाहत बसावे लागणार नाही.